राजाची तलवार आणि शिलेदाराचा तोबरा

म्हैसूरपासून चाळीसेक किलोमीटरवर कृष्णराजनगर आहे. कावेरीकाठचं, भात आणि ऊस पिकवणारं तालुक्याचं गाव. गेल्या शतकातल्या विसाच्या दशकात कावेरीच्या पुराने जुन्या यडतोरे गावाला तडाखा दिला. त्यानंतर म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या काळात आखीव रस्त्यांचं हे नवं गाव वसलं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. या भागात पोस्टिंग झाल्यापासून सुटीच्या दिवशी मी इथल्या जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून आणि मोड घेणाऱ्यांच्या दुकानांतून फिरत असतो. शोधत असतो ते जुनं लष्करी सामान. मात्र राजाचं किंवा सेनापतीचं नको, साध्या शिपायाचं हवं.

हे सांगितलं की लोक पहिल्यांदा तलवारीबद्दल विचारतात. साहजिकच आहे. मे २०२३ मध्ये टिपू सुलतानाच्या शयनगृहातली म्हणून ओळखली जाणारी तलवार लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. जुलै २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा ती बघायला रांगा लागल्या. या वस्तूंचं मोल कोणी नाकारत नाही. पण श्रीरंगपट्टणच्या तटावर जे हजारो लोक लढले, त्यांच्या कमरेला काय होतं? पाणी कशात होतं? पायात काय होतं? घोड्याचे हरभरे कशात बांधले होते? या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या वस्तू कोणत्याही लिलावात येत नाहीत, कारण त्यातल्या बहुतेक उरलेल्याच नाहीत.

माझ्याकडचा संग्रह लहान आहे. घोड्याचा चामडी तोबरा, ज्याच्या वादीला तीन वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांची शिवण आहे. लोकरी नमद्यात शिवलेली एनॅमलची पाण्याची बाटली. पितळी बकलं, एक मेस टिन, पायाला गुंडाळायच्या पट्ट्यांची जोडी, आणि सुईदोरा-बटणांची ती छोटी गुंडाळी, जिला फौजेत अजूनही ‘हाउसवाइफ’ म्हणतात. विकायला गेलो तर एका चांगल्या जेवणाचे पैसे सुटतील की नाही शंका आहे. तरीही यातली प्रत्येक वस्तू मला एक प्रश्न विचारायला लावते, आणि तो प्रश्न हाच या लेखाचा विषय आहे: ही वस्तू नक्की कोणाच्या मालकीची होती?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण शिपायाचं सामान टिकतं की नाहीसं होतं, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

आपल्या मराठी फौजेत या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत होतं. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा आणि सरकारी हत्यार ज्याला मिळे तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला तर नुकसान त्याच्या घराचं, बारगिराचा मेला तर पागेचं. लढाईत दोघं शेजारी असले तरी जोखीम सारखी नसे. तलवार मोडली तर ती कोणाच्या खिशातून मोडली, हे दोघांनाही नीट माहीत असे.

हा शब्द महाराष्ट्रातच राहिला नाही. टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांनी वडियारांना पुन्हा गादीवर बसवलं. १८०७ च्या करारानुसार म्हैसूरने ४,००० घोडदळ बाळगायचं ठरलं. हे घोडदळ इंग्रजी कागदांतून ‘सिलादार हॉर्स’ म्हणून येतं. म्हणजे आपलेच शिलेदार, इंग्रजी स्पेलिंगच्या कपड्यात. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने हे म्हैसुरी घोडदळ उभं होतं. दोन्ही बाजूंना शिलेदारी पद्धतीचे स्वार आणि त्यांच्या घोड्यांच्या तोंडाला तसलेच तोबरे.

पुढे इंग्रजांनी आपल्या बऱ्याचशा हिंदी घोडदळातही हीच पद्धत ठेवली. भरती होणारा जवान ठरलेली रक्कम भरे, तिला ‘असामी’ म्हणत. त्या पैशातून त्याचा घोडा आणि साज उभा राही. निवृत्त होताना रक्कम परत मिळे आणि घोडा, खोगीर, साज पुढच्या माणसाकडे जाई. म्हणजे सामान त्याचं खरं, पण घरी न्यायचं नाही. एकाच खोगिरावर दोन-तीन माणसांच्या नोकऱ्या निघत. मग ते जीर्ण झालं की त्याचं चामडं दुसऱ्या कशाला तरी ठिगळ म्हणून लागे. पहिल्या महायुद्धात, वर्षानुवर्षं आणि समुद्रापार चाललेल्या लढाईत घोड्यांची आणि साजाची भरपाई या पद्धतीला झेपली नाही, आणि युद्धानंतरच्या पुनर्रचनेत ती संपली. माझ्या तोबऱ्यावरची तीन रंगांची शिवण मला म्हणूनच मोलाची वाटते. तीन दोरे म्हणजे तीन वेळची दुरुस्ती, कदाचित तीन माणसं. राजाच्या तलवारीला एकच मालक होता.

दुरुस्ती आणि निगा हा शिपायाच्या सामानाचा खरा इतिहास आहे. याचं सर्वांत चांगलं उदाहरण एका इंग्रज अधिकाऱ्यानेच लिहून ठेवलं आहे. कॅप्टन लुई नोलन, जो १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध घोडहल्ल्यात मारला गेला, त्याने आदल्या वर्षी घोडदळावर पुस्तक लिहिलं. निजामाच्या घोडदळातल्या स्वारांच्या तलवारींनी झालेल्या भयंकर जखमा बघून तो चकित झाला होता. या तलवारी आहेत तरी कसल्या म्हणून चौकशी केली, तर ती इंग्रजांनीच मोडीत काढलेली जुनी पाती निघाली. स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या होत्या, धार वस्तऱ्यासारखी ठेवली होती आणि पाती लाकडी म्यानात जपली होती. इंग्रज शिपायाची म्यानं पोलादी. घोडा दौडला की पातं आत खडखडे आणि धार जाई. लोखंड तेच. फरक लाकडी म्यानाचा आणि ते रोज पुसणाऱ्या हाताचा.

आता वजनाकडे येतो. एनडीएत ज्यांनी पिठ्ठूत बजरी भरून शिक्षेची दौड मारली आहे, त्यांना वजन म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. शिपायाच्या अंगावर काय होतं हे विचारताना दुसरा प्रश्न विचारावा लागतो: अंगावर नव्हतं ते कोण वाहत होतं?

त्याचं उत्तर कृष्णराजनगरच्या शेजारीच मिळतं. इथून कावेरी खाली उतरते ती कृष्णराजसागर धरणात. या जलाशयाखाली जुनं कन्नंबाडी गाव आहे. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणवर चालून आला, १५ मे रोजी अरकेरेला त्याने टिपूला मागे रेटलं आणि कन्नंबाडीपर्यंत पोचला. मलबारच्या बाजूने येणारी जनरल ॲबरक्रॉम्बीची फौज पश्चिमेला पिरियापट्टणपाशी होती. नकाशावर विजय जवळ दिसत होता, पण कॉर्नवॉलिसचे बैल मरत होते. पावसाळा अंगावर आला होता, धान्य संपलं होतं, रोगराई पसरली होती. शेवटी वेढ्याच्या जड तोफा ओढायला जनावरं उरली नाहीत म्हणून त्याने त्या स्वतःच नष्ट केल्या आणि माघार घेतली. लढाई जिंकलेली फौज ओझ्यापुढे हरली.

माघारीच्या वाटेवर, मेलुकोट्याच्या बाजूला, धुळीचे लोट उठवत एक मोठं घोडदळ येताना दिसलं. हे टिपूचं असेल असं इंग्रजांना वाटलं. निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. मराठ्यांच्या छावणीबरोबर बाजार होता, आणि बाजारामागे वंजाऱ्यांचे धान्य लादलेले बैलांचे तांडे. इंग्रज अधिकाऱ्यांनी या बाजाराची वर्णनं आश्चर्याने लिहून ठेवली आहेत: धान्य, कापड, मसाले, सावकारसुद्धा. दाम भारी होते, तक्रारीही झाल्या, पण उपाशी फौज जगली.

मराठा स्वाराच्या अंगावर इतकं कमी सामान का असे, याचं उत्तर इथे आहे. ढाल, तलवार, भाला, खोगिराखाली घोंगडी, तोबऱ्यात हरभरा आणि घोडा बांधायच्या आगाडी-पिछाडीच्या दोऱ्या. बाकीचं बैलाच्या पाठीवर. म्हैसूरच्या सत्तेलाही हे पक्कं कळलं होतं. तोफा आणि सामान ओढायला जोपासलेली अमृतमहाल जातीची गुरं ही हैदर-टिपूच्या झपाट्यामागची मोठी ताकद होती. आपल्या माणदेशच्या खिलारचं मूळही याच घराण्यातल्या जनावरांशी जोडलं जातं. कृष्णराजनगरजवळ चुंचनकट्ट्याला आजही मोठी गुरांची जत्रा भरते. तिथे उभं राहिलं की जुन्या फौजेचा निम्मा भाग डोळ्यांसमोर येतो, जो कोणत्याही शस्त्रसंग्रहालयात दिसत नाही.

संग्रहालयात असूनही ओळख न पटलेल्या एका वस्तूची गोष्ट तर याच राज्यातली आहे. शिमोगा जिल्ह्यातलं नगर, म्हणजे जुनं बिदनूर. हैदर अलीने १७६३ मध्ये ते जिंकलं. तिथे एका विहिरीत २००२ मध्ये गंजलेली लोखंडी नळकांडी सापडली. सुरुवातीला ते तोफेचे गोळे समजले गेले. नंतर ध्यानात आलं की हे टिपूच्या फौजेतले अग्निबाण आहेत. २०१८ मध्ये पुन्हा खोदकाम झालं आणि एका कोरड्या विहिरीतून अशी सुमारे १,००० नळकांडी निघाली.

दिवाळीत बाटलीत उभा करून आपण जो उडवतो त्याला आपण बाणच म्हणतो, आणि जुन्या मराठी कागदांतही हे हत्यार ‘बाण’ म्हणूनच येतं. म्हैसूरकरांनी त्यात एक सुधारणा केली. कागद-बांबूऐवजी लोखंडी नळी वापरली, त्यामुळे आत जास्त दाबाने दारू जळे आणि बाण लांब जाई. लंडनला वुलिचमध्ये जपल्या गेलेल्या नमुन्यांपैकी मोठ्याची नळी २५ सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि ६ सेंटिमीटरच्या आत जाड होती. अशा नळ्यांना चामड्याच्या वादीने बांबू बांधत. १७८० मध्ये पोल्लिलूरला आणि ५ एप्रिल १७९९ च्या रात्री सुलतानपेटच्या झाडीत, जिथे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला वेलस्ली अडखळला, इंग्रजांनी याचा अनुभव घेतला. नंतर काँग्रिव्हने याच नमुन्यांवरून इंग्लंडमध्ये अग्निबाण बनवले.

या कहाणीत टिपूचं नाव आहे, काँग्रिव्हचं नाव आहे. बाण खांद्यावर वाहून नेणाऱ्या, अंदाजाने कोन धरणाऱ्या आणि हातातल्या पलित्याने पेटवणाऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव आपल्यासमोर येत नाही. तोफखान्यातल्या कोणालाही विचारा. वारा बघून, अंतर ताडून, नळीच्या जाडीप्रमाणे कोन ठरवणं हे शिकून, सराव करूनच येतं. त्या शिक्षणाचा एकमेव साक्षीदार म्हणजे ते गंजलेलं नळकांडं, आणि ते दोनशे वर्षं विहिरीत होतं म्हणून वाचलं. वर राहिलं असतं तर लोहाराने त्याचे विळे-कोयते केले असते.

ज्यांच्या नावाचं हे गाव, त्या कृष्णराज वडियारांच्या कारकिर्दीत म्हैसूर लान्सर्स पहिल्या महायुद्धात गेले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी घेतलं. जोधपूरचे स्वार शहरात घुसले, म्हैसूरच्या स्वारांनी कार्मेल डोंगराच्या अंगाची ठाणी मोडली. १,३५० कैदी, १७ तोफा, ११ मशिनगन हाती लागल्या. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे म्हैसूर, जोधपूर आणि हैदराबादच्या लान्सर्सचे आहेत. म्हैसूर लान्सर्सचं स्मारक बंगळूरच्या जे. सी. नगरमध्येही आहे. पुढे संस्थानी घोडदळांतून १९५३ मध्ये ६१ कॅव्हलरी उभी राहिली. तीत म्हैसूरचे स्वार आले, तसे शिंद्यांच्या ग्वाल्हेरचेही.

मशिनगनसमोर भाले घेऊन, असं या हल्ल्याचं वर्णन नेहमी होतं. ते खरंही आहे. पण भाला हातात धरून बघितल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. हिंदी घोडदळाचा भाला भरीव बांबूचा, नऊ फुटांच्या आसपास. हलका, लवचीक, टोला बसला तरी न तडकणारा. आपल्याकडचा बांबू इंग्लंडच्या घोडदळालाही हवा असे तो यामुळेच. अशा भाल्याला पॉलिश केलेल्या पोलादाचा रुबाब नाही. लढाईनंतर त्याचं फाळ काढून घेतलं की उरते काठी. किती भाल्यांच्या काठ्या पुढे गोठ्याच्या आढ्याला गेल्या असतील, कोण जाणे.

पायदळाचं सामान मात्र पूर्णपणे सरकारी. पायाला गुंडाळायची आपली साधी पट्टी इंग्रजांनी उचलली, ‘पटी’ म्हणून ती फ्रान्सच्या खंदकांपर्यंत पोचली. पट्टे, पाउच, बाटली, सगळ्यावर नंबर, सगळ्याची वहीत नोंद. नोकरी संपली की जमा. म्हणून पायदळाच्या जवानाच्या घरी सापडतात त्या वस्तू वहीबाहेरच्या असतात: लोटा, हाउसवाइफ, फोटो, आणि पदक.

पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं, अडीच तोळ्यांच्या आसपास. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असे. लेबर कोअरच्या हिंदी माणसांना तेच पदक काशाचं मिळालं. आणि गंमत बघा, काशाचं पदक कोणी वितळवत नाही. चांदीची मात्र अडीअडचणीला मोडीत गेली, आणि १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर मोठ्या संख्येने भट्टीत गेली. साताऱ्यात आणि कोकणात अनेक गावांच्या चावडीपाशी संगमरवरी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. पाटीवर आकडा असतो, नावं नसतात. नावं पदकांच्या कडेवर होती.

हा निव्वळ हळवेपणा नव्हे. सामान खोटं बोलत नाही, म्हणूनही ते जपायला हवं. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चूच्या काठावर आपल्या ब्रिगेडचे जवान जुन्या .३०३ रायफली आणि माणशी ५० राउंड घेऊन उभे होते. त्यातले कित्येक सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत. .३०३ ची क्लिप पाच राउंडांची. म्हणजे माणशी दहा क्लिपा. त्या काळचं एक पाउच, दहा रिकाम्या क्लिपा आणि कॅनव्हासचा एक बूट टेबलावर मांडा. कोणत्याही अहवालाची पानं न उलटता तरुण अधिकाऱ्याला कळेल की वर काय चुकलं होतं. तिथल्या जवानांनी काय केलं याचा अंदाजही त्याच टेबलावर येईल.

माजी सैनिक मित्रांनो आणि त्यांच्या घरच्यांनो, म्हणून थोडं कामाचं सांगतो.

जुन्या ट्रंकेत काही असेल तर ब्रासो लावू नका. हे सांगताना हात थरथरतो, कारण आपली अर्धी नोकरी चमकवण्यात जाते. पण घासलं की नंबर झिजतात आणि वस्तूची ओळखच पुसली जाते. कोरड्या सुती कापडाने पुसा. चामडं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ओल धरते. तुटलेली वादी नवी लावू नका. तुटलेलीच राहू द्या.

जिवंत काडतूस, गोळा किंवा ग्रेनेडसारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. बंदूक असेल तर १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो. वापरता येणारच नाही अशा पुराण्या बंदुकीला त्यात सूट आहे, पण ती तशी आहे हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. तलवारीबाबतही पोलीस ठाण्यात विचारून घ्या. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शेतात नांगराला काही लागलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा कायदा १८७८ पासून आहे. आणि बाजारात ‘अस्सल मराठा तलवार’ म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं परवा घडवून काल ॲसिडमध्ये बुडवलेलं असतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी. वस्तूबरोबर एक कागद ठेवा. त्यावर लिहा: ही कोणाची, त्यांचा नंबर, पलटण, गाव, कुठे वापरली, घरात कोणाकडून आली. आठवण पक्की नसेल तर ‘आजी असं सांगायची’ असं लिहा. पेन्सिलीने लिहिलं तरी चालेल. कागद नसलेला तोबरा म्हणजे चामड्याची पिशवी. कागद असला की तो एका माणसाचा आणि एका घोड्याचा होतो. वस्तू घरात नकोशी झाली तर भंगारात टाकण्याआधी पलटणीच्या सेंटरला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तसं प्रत्येक रेजिमेंटचं असतं.

आपली भाषा हे काम आधीपासून करत आली आहे. निरर्थक भर घातली की आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो, तोंडात घास कोंबला की ‘तोबरा भरला’, जुनं विकलं की ‘मोडीत काढलं’. खोगीर गेलं, तोबरा गेला, स्वारही गेला, शब्द राहिले. नावं मात्र भाषा सांभाळत नाही. ती आपल्यालाच लिहून ठेवावी लागतात.